न प्यालेलं गूळपाणी

१

भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आणि निंबाचं पान हलत नसताना, पांढरीपांड्यांच्या स्वयंपाकघराचं छप्पर खाली आलं. जुनं असतं तर म्हटलं असतं, थकलं बिचारं. पण छप्पर होतं नवंकोरं! मंगलोरी कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, तांबडा रंग अजून उन्हानं उडालासुद्धा नव्हता. आणि त्या छपराखाली सुधा पोळ्या लाटत बसली होती.

सरोजिनीबाई पुढच्या खोलीत सुमीची वेणी घालत होत्या. आधी कडाड् असा एकच आवाज झाला, मग कवेलू कोसळल्याचा, आणि मग काहीच नाही. त्या धावत गेल्या तर दारातून नुसती धूळ बाहेर येत होती. शेजारीपाजारी जमले, वासे उचलले, कवेलू उपसले. आढं, म्हणजे ज्याच्या पाठीवर सगळं छप्पर बसतं ते वरचं मोठं लाकूड, मधोमध मोडून सुधाच्या अंगावर आलं होतं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सुमीला कुणीतरी उचलून शेजारी नेलं. पोर जाता जाता विचारत होती, "आईची पोळी करपली असेल ना?"

सरोजिनीबाई सुधाच्या नवऱ्याच्या, नरहरच्या, थोरल्या बहीण. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच कपाळ पांढरं झालं. मग त्या माहेरी आल्या, शिकल्या, आणि वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत भूमिती शिकवता शिकवता केस पिकले. जीभ अशी तिखट की मुली त्यांना पाठीमागे 'कर्कटक' म्हणत. पण भावजयीवर मात्र जीव होता. सुधा त्यांना 'वन्सं, वन्सं' करी आणि त्यांच्या टोमण्यांवर खुशाल तोंडावर हसे. त्यांना असं हसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

ठाणेदार आला तेव्हा त्याला गुन्हेगार शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ज्यानं हे छप्पर बांधलं तो रूपराव ठेकेदार आपण होऊन हजर झाला होता, डोळ्याला पंचा लावून.

"साहेब, मी काम पुरं करून, घर सोपवून गेलतो. त्याच्यामागं छपरावर कोन चढलं ते इचारा ना! काल दिवसभर तो चंद्रभान मिस्त्री वर होता. हे काम त्याले नाई भेटलं म्हून त्याच्या पोटात दुखून राह्यलं होतं. खुंट्या ढिल्या केल्या असन त्यानं!"

शेजारच्या सुलोचनाबाई तेवढ्यात पुढे सरसावल्या. "आणि काल त्यानं गूळपाणी घेतलं नाही हो! मी कुंपणातून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुधा बिचारी लोटा घेऊन उभी, आणि हा तोंड फिरवून चालता झाला."

चंद्रभानच्या घराण्याची ती रीत आळीत सगळ्यांना ठाऊक होती. पावसाळ्याआधी तो दरवर्षी येई, कवेलू फेरून देई, म्हणजे फुटके काढून सारे पुन्हा नीट बसवी, आणि खाली उतरला की घरच्या बाईच्या हातचं गूळपाणी पिई. प्याला की समजायचं, पुढच्या फेरणीपर्यंत हे छप्पर त्याच्या जबाबदारीवर. त्याचा बापही असंच करायचा. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाचं गूळपाणी नाकारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"ज्याच्या मनात पाप, त्याच्या घशाखाली गूळ उतरेल कसा?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

चंद्रभानला केळझरहून धरून आणलं आणि हवालातीत टाकलं. सरोजिनीबाईंनीही मनातल्या मनात त्याला फासावर चढवून टाकलं. पण डोक्यात भूमिती मुरलेली बाई ती. एका बाजूनं सिद्ध झालेलं दुसऱ्या बाजूनं ताडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सुधाचे दिवस चालू असताना, दर्भाच्या वासात बसल्या बसल्या त्यांना एकदम वाटलं, अरे, पण हे उलटं आहे! ज्याच्या मनात काळंबेरं असेल तो गूळपाणी नाकारून सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल कशाला? तो तर आधी घटाघटा पिईल!

२

मुळात ठेकेदार निवडला कसा, ते त्या आठवू लागल्या.

वैशाखात वावधन आलं होतं, सोसाट्याचं वादळ. अशी झोड की वर्ध्याच्या सिंदी मेघेकडच्या अंगाची निम्मी घरं बोडकी झाली. पांढरीपांड्यांच्या स्वयंपाकघरावरचे जुने देशी कवेलू पत्त्यांसारखे उडाले. नरहरनं घराचा आगीचा-वादळाचा विमा उतरवला होता. कचेरीतले लोक तेव्हा त्याला हसले होते, "घराचा विमा? घर काय मरते काय, पंत?" वावधनानंतर कुणी हसलं नाही.

वादळ निवलं तेव्हा सुधानं आत जाऊन आधी शिंकं पाहिलं. आढ्याला लांब दोरीनं टांगलेलं शिंकं, त्यात दह्याचं मडकं. थेंब सांडला नव्हता. "बघा वन्सं," ती म्हणाली, "देवानं कवेलू नेले, पण दही ठेवलं!"

विमा कंपनीचं म्हणणं असं की चांगल्या ठेकेदाराकडून काय काय मोडलं ते काढून घ्या, आमचा माणूस येऊन पाहील. पहिला आला चंद्रभान. वर चढला, लाकडाला हातोडी मारमारून पाहिलं, उतरला आणि नेहमीसारखा खेकसला, "कवेलू गेले. लाकडाले काई झालं नाई. तुमच्या बापानं सागवान घातलं हाय पंत, तुमच्यामागंही उभं राहीन. कवेलू बसवून देतो, बास."

मग आला रूपराव. तो वर चढलाच नाही. अंगणातूनच मान वर करून च् च् केलं. "पंत, आढं आतून तडकलं हाय. आज नाई तं उद्या दिसनच तुमाले. सगळं काढा, मंगलोरी घाला. कंपनी देऊन राह्यली ना? मंग तुमच्या जिवाले काऊन तोशीस?"

झालं! सगळ्यांना रूपराव देवमाणूस वाटला. सरोजिनीबाईच म्हणाल्या होत्या, "चंद्रभानला फुकट सोनं दिलं तरी म्हणेल, मला पितळच बरं." ज्याला काम कमी दिसलं तो करंटा, आणि ज्याला जास्त दिसलं तो जाणता, असा उफराटा न्याय त्या दिवशी घरादारानं लावला. आणि त्यात त्या स्वतः सगळ्यांत पुढे.

दुसऱ्या दिवशी नरहर म्हणाला, "एवढ्या वादळात जीव वाचले. तुम्ही तिघी केळझरच्या गणपतीला जाऊन या." तिघी दिवसभर जाऊन आल्या. परत येऊन पाहतात तो आढं खालच्या अंगानं मधोमध तडकून दोन बोटं उघडं पडलेलं! रूपरावचा शब्द खरा झाला होता. सुधाला आधी दह्याची काळजी. पण मडकं फडताळात, ताटलीखाली, सुखरूप होतं.

मग कंपनीचे मधुकरराव नागपूरहून येऊन पाहून गेले, मंजुरी आली, रूपरावची माणसं कामाला लागली. बायकांनी तेवढे दिवस अंगणात चूल मांडली. नवं आढं चढलं, वर डांबर फासलेलं, काळंकुट्ट. त्या दिवशी एकटी सुमी रडली होती. घर बांधलं तेव्हा तिच्या आजीनं आढ्याची पूजा करून त्याच्या खालच्या अंगाला एक भोकाचा पैसा खिळ्यानं ठोकला होता. युद्धाच्या दिवसांत निघालेला तो पैसा धुरानं काळवंडला होता, आणि सुमी चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघत जेवायची. "आजीचा डोळा" म्हणायची त्याला.

"आजीचा डोळा कुठे गेला?" ती विचारत राहिली.

शेवटी राहिले पुढच्या खोल्यांचे जुने कवेलू. ते फेरायला नेहमीप्रमाणे चंद्रभानला बोलावलं. तो दिवसभर वर होता. उतरला, नरहरला निंबाखाली बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि गूळपाणी न पिता गेला. दुसऱ्या दुपारी सुधा गेली.

काय बोलला होता तो निंबाखाली?

३

"मजुरी वाढवून मागत होता," नरहर म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता. बायको गेल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती, आणि बोलताना बहिणीकडे बघत नव्हता. "जाऊ दे ना अक्का. आता विचारून ती परत येणार आहे का?"

सरोजिनीबाईंनी पदर खोचला आणि सरळ हवालातीत गेल्या.

चंद्रभान गजांमागे उकिडवा बसला होता. ओठ सुजलेला होता. सरोजिनीबाईंना पाहून तो उठलासुद्धा नाही.

"तुमी काऊन आल्या? थुंकाले आल्या असान तं थुंका अन् जा."

"थुंकायचं असतं तर घरूनच थुंकले असते. गूळपाणी का घेतलं नाहीस?"

"नाई घेतलं. माही मर्जी."

"नरहरशी काय बोललास?"

आता मात्र त्यानं मान वर केली. "पंतानं काय सांगतलं?"

"मजुरी वाढवून मागितलीस म्हणाला."

चंद्रभान हसला. सुजल्या ओठानं ते हसणं बघवत नव्हतं. "मंग तेच खरं समजा."

"अरे मूर्खा, तुला जन्मठेप होईल!"

"होऊ द्या."

"माझी भावजय मेली रे! तुझ्या हातून मेली असेल तर तुला लटकवीन, आणि नसेल तर मला नाव सांग."

त्यानं बोटानं जमिनीवर रेघोट्या ओढल्या. मग म्हणाला, "वैनी मले दर सालले लोटा भरून पानी देत होत्या. गूळ जास्त घालत. म्हनत, चंद्रभानभाऊ, तोंड कडू हाय तुमचं, गोड करा." आवाज फाटला तसं त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "जा बाई तुमी. मले काई इचारू नका. तुमच्या घरात लेकरू हाय."

घरात लेकरू आहे! बाहेर उन्हात उभ्या राहून सरोजिनीबाई त्या वाक्याशी झटत राहिल्या. सुमीचा या सगळ्याशी संबंध काय?

४

रूपरावचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार, स्टेशनाच्या वाटेवर होता. त्यानं खुर्ची पुसली, चहा मागवला, आणि बोलण्यात एवढा गूळ ओतला की मुंग्या लागाव्या.

"बाई, माही सखी बहीण गेली असती तरी एवढं दुःख नसतं झालं."

"जुनं आढं कुठे गेलं हो?" बाईंनी चहाला हात न लावता विचारलं.

"जुनं? तडकेल लाकूड कोन ठेवते? जळाऊ म्हून देऊन टाकलं."

"आणि नवं?"

"तळेगावच्या बाजारातून आनलं. एक नंबर सागवान, बाई!"

"मग मोडलं कसं?"

"सांगतलं ना, चंद्रभाननं खुंट्या ढिल्या केल्या."

सरोजिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. वर्गात ही खूण झाली की पुढच्या बाकावरच्या मुली श्वास धरायच्या. "रूपराव, खुंट्या टोकांना असतात. त्या ढिल्या झाल्या तर लाकूड टोकानं निसटतं, अख्खंच्या अख्खं खाली येतं. हे मधोमध मोडलं. एक नंबर सागवान, पंधरवडाभरात, वारा नसताना, मधोमध. हे गणित कसं सोडवायचं?"

रूपरावच्या तोंडचा गूळ पार उतरला. "मी अडानी मानूस. गनित तुमी सोडवा." आणि उठून गिऱ्हाइकाकडे गेला.

त्या घरी आल्या. मोडकं आढं अंगणात तसंच पडलं होतं. ठाणेदारानं नुसता त्याच्यावर पाय ठेवून पंचनामा केला होता. बाईंनी स्वयंपाकघराच्या ढिगाऱ्यातून सुधाचं उलथणं काढलं आणि डांबर खरवडायला सुरुवात केली. मोडल्या जागी लोखंडाची पट्टी ठोकून वर जाड डांबर थापलेलं होतं. ते निघालं तेव्हा खाली तुटल्या लाकडाचे तंतू होतेच, पण त्यांच्या शेजारी निम्म्या जाडीपर्यंत लाकूड साफ, सपाट होतं. करवतीनं कापलेलं. त्या पुढे खरवडत गेल्या. डांबराखाली काजळी लागली. नव्या लाकडाला काजळी कुठली? वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात राहिल्याशिवाय लाकूड असं काळं होत नाही.

आणि मग उलथणं कशावर तरी खट्कन वाजलं.

भोकाचा पैसा. मधे खिळा. आजीचा डोळा त्यांच्याकडे बघत होता.

५

म्हणजे नवं आढं कधी आलंच नव्हतं! जुन्यालाच पट्टी मारून, डांबर फासून, पालथं करून परत चढवलं होतं. कापलेला भाग आणि पैसा दोन्ही वरच्या अंगाला कवेलूंखाली गेले, म्हणून चुलीपाशी बसणाऱ्या कुणाला दिसले नाहीत. ओळखू आले असतील ते एकट्या चंद्रभानला, पुढच्या खोल्यांचे कवेलू फेरता फेरता ज्यानं या आढ्यावरचाही एखादा कवेलू उचलून डांबराखाली चाचपलं असेल. त्यानं खाली उतरून गूळपाणी नाकारलं. जे छप्पर पडणार हे दिसत होतं, त्याची जबाबदारी त्यानं कशी घ्यावी?

इथपर्यंत रूपराव चोर. मामला सरळ होता. पण मधली एक पायरी गाळून कुठलीच सिद्धता पुरी होत नाही. आढं कापलं कुणी आणि केव्हा?

मधुकरराव चौकशीसाठी वर्ध्याला आले होते. सभ्य माणूस, टोपी मांडीवर घेऊन अवघडून बसले.

"तुम्ही तडा नीट पाहिला होता?"

"पाहिला म्हणजे... उंबऱ्यातून पाहिला. पायात बूट होते, सोवळ्याचं स्वयंपाकघर, आत कसा जाणार? नरहरपंतांनी काठीनं दाखवलं."

"नरहरनं दाखवलं?"

"हो, तेच म्हणाले, वादळात तडकलं."

मधुकरराव गेले. बाई पैशाकडे बघत बसल्या आणि त्यांना दही आठवलं.

वावधन झालं त्या संध्याकाळी आढ्याला टांगलेल्या शिंक्यातलं दही हललंसुद्धा नव्हतं. आढं शाबूत होतं. केळझरहून परतल्यावर ते तडकलेलं, आणि दही फडताळात. आढं आपोआप तडकलं असतं तर झटक्यासरशी मडकं फुटलं असतं, निदान सांडलं तरी असतं. ते कुणीतरी आधीच उतरवून ठेवलं होतं. आणि मजुरांनी उतरवलं असतं तर दाराबाहेर ठेवून दिलं असतं. त्यांना काय ठाऊक, सुधाचं दही कुठल्या फडताळात, कुठल्या ताटलीखाली राहतं! आणि मजुरांचा हात लागलेलं दही सुधा घरात ठेवत नाही, हेही मडकं उतरवणाऱ्याला ठाऊक होतं. आढं तडकणार, हे त्याला तडकायच्या आधी माहीत होतं.

देवाचं नाव काढलं की ज्याच्या कपाळाला आठी पडते त्या भावानं, जन्मात पहिल्यांदा, बायकांना गणपतीला धाडलं होतं. त्या दिवशी घरात तो एकटा होता.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर आढंच फिरवलं होतं, आणि घरच्या माणसानं.

६

त्यांनी पैसा नरहरच्या पुढ्यात ठेवला. बोलल्या काही नाहीत.

नरहरनं पैशाकडे पाहिलं आणि त्याचे खांदे खाली आले. किती दिवस धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी उतरवावं तसा तो मोकळा झाला, आणि मग रडू लागला.

"मला वाटलं नवं येईल, अक्का. आईची शपथ! रूपराव म्हणाला, थोडं कापून दाखवू, कंपनी नवं देईल, मंगलोरी छप्पर होईल. सुधाला किती वर्षं पक्कं स्वयंपाकघर हवं होतं. पावसात चुलीवर छत्री धरून बसायची ती, तू पाहिलं आहेस ना? मी म्हटलं, कंपनीचं काय जातं? त्यानं तेच लाकूड परत घातलं हे मला ठाऊक नव्हतं गं!"

"केव्हापर्यंत ठाऊक नव्हतं?"

नरहरनं पैसा आपल्यापासून दूर सरकवला.

"चंद्रभान निंबाखाली काय म्हणाला, नरहर?"

"म्हणाला..." त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. "म्हणाला, पंत, हे तुमचं जुनंच आढं हाय, तुमच्या आईचा पैसा हाय त्याच्यावर, अन् बाजूले करवतीचा काप हाय. वरून मंगलोरीचं ओझं. कवा पडन सांगता येत नाई. आजच्या आज चूल बाहेर मांडा. वैनीले आत जाऊ देऊ नका."

निंबावर कावळा ओरडत होता.

"मग?"

"सुधाला काय सांगणार होतो? तिनं विचारलं असतं, का हो? मग सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, उद्या रूपरावला गाठतो, गुपचूप टेकू लावून घेतो. उद्या... आणि सकाळी कचेरीत साहेबांचा दौरा निघाला."

"एक चूल होती रे," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "काहीतरी खोटं सांगायचं होतंस. एवढं खोटं बोललास, आणखी एक बोलला असतास! आत साप निघाला म्हणायचं. एक चूल उचलून अंगणात ठेवायची होती, नरहर."

तो त्यांच्या पायाशी कोसळला. "अक्का, ठाण्यात सांगशील तर सुमीचं काय होईल? आई गेली. आता बापही..."

आता त्यांना चंद्रभानचं वाक्य कळलं. घरात लेकरू हाय. त्या उर्मट, खेकसणाऱ्या माणसानं सुमीच्या डोक्यावरचा बाप राहावा म्हणून आपली मान पुढे केली होती. आणि ज्याचं लेकरू, तो दाढी वाढवून भिंतीला टेकून बसला होता.

त्या रडल्या. भावासाठी रडल्या, हे विशेष. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चंद्रभानच्या घरीही लेकरं आहेत. चपला घाल."

७

पुढचं लवकर झालं. नरहर आणि रूपराव हवालातीत गेले, चंद्रभान बाहेर आला. कंपनीनं दिलेली मंजुरी मागे घेतली, आणि का घेऊ नये? आळीतली माणसं पांढरीपांड्यांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागली. सुलोचनाबाईंनी कुंपणाला दाट काट्या लावल्या. सुमीनं बापाबद्दल एकदाच विचारलं. पावसाळा तोंडावर आला, आणि स्वयंपाकघर आभाळाखाली उघडं पडलं होतं. सरोजिनीबाईंनी दोन-तीन मिस्त्र्यांना निरोप धाडले. कुणी आलं नाही. ज्या घरात बाई मेली आणि ठेकेदार तुरुंगात गेला, त्या छपरावर कोण चढतो?

एका सकाळी चंद्रभान आला. न बोलावता. खांद्यावर दोर, बैलगाडीत जुनं लाकूड आणि देशी कवेलू. त्यानं बाईंना नमस्कार केला नाही की सुधाचं नाव काढलं नाही. "सागवान आननं माह्यानं होत नाई. हे सालईचं हाय. बांधून देतो," एवढंच खेकसला आणि वर चढला.

सरोजिनीबाई खाली उभ्या राहून एकेक कवेलू चढताना बघत होत्या. मन किती वेडं असतं! त्यांना वाटलं, छप्पर होईल. सुमी परत चुलीपाशी बसून जेवेल. सगळं नाही, पण एवढं तरी परत येईल.

ऊन कललं तेव्हा चंद्रभान उतरला. तोवर सुमी आत जाऊन आली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आईला करताना पाहिलं होतं तेवढंच. दोन्ही हातांत लोटा, गूळ जरा जास्तच घातलेला, पाणी हिंदकळून फ्रॉकवर सांडत होतं.

"घ्या," ती म्हणाली.

चंद्रभाननं पोरीकडे पाहिलं. मग मान वर करून आपणच बांधलेल्या छपराकडे पाहिलं. पी रे, सरोजिनीबाई मनात म्हणत होत्या. एक वेळ खोटं पी. लेकराचं मन राखायला पी.

त्यानं हात पुढे केला. लोट्यापर्यंत नेला. आणि मागे घेतला.

"नाई बाई," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द हलला नाही. "सालई हाय. पानी धरते. आज उभी हाय, सावन-भादोतलं सांगता येत नाई. याच्याखाली माह्या भरोशावर लेकराले बसवू नका."

तो बैलगाडी हाकून निघून गेला. सुमी लोटा घेऊन तशीच उभी होती.

आपल्याला खरा माणूस हवा होता, सरोजिनीबाईंना वाटलं. वैशाखातच आला होता की तो दारात! आपणच हसलो त्याला.

त्यांनी सुमीच्या हातातला लोटा काढून ओसरीवर ठेवला. मग स्वयंपाकघरात गेल्या, चुलीतली राख काढली, आणि वाकून, दोन्ही हातांनी, ती चूल उचलून अंगणात आणून मांडली.